आईबापांना विचारणार कोण?

मूल इतर मुलांसारखं वाढत नाही हे लक्षात आलं की आपल्याकडे त्या घराच्या वाट्याला तीन गोष्टी येतात : एक फॉर्म, एक तारीख आणि एक सल्ला. फॉर्म प्रमाणपत्राचा. तारीख शिबिराची. सल्ला असा, की ‘थेरपी नियमित चालू ठेवा’. ती कुठे मिळते, तिथे पोचायला किती एसटी बदलाव्या लागतात, त्या दिवसाचा बुडालेला रोज कोण भरून देणार, तोवर धाकट्या मुलीला कोणाकडे ठेवायचं, यातलं काहीच सल्ला देणाऱ्याकडे नसतं. त्याचं ते कामही नसतं. त्याचं काम मूल तपासणं, आणि मूल तपासून झालेलं असतं.

माझं म्हणणं साधं आहे. दिव्यांग मुलांसाठीच्या आपल्या बहुतेक सेवा मुलाकडे बघून आखल्यात, पण त्या प्रत्यक्षात चालवायच्या आईबापांनी, खरं तर आईने. आणि तिला काय लागतं हे तिला विचारायची पद्धतच नाही. विचारल्यावर काय कळतं हे गुपित नाही. परदेशात विचारून झालंय, भारतात झालंय, आमच्या शेजारच्या गोव्यातही झालंय. उत्तरं पस्तीसहून जास्त वर्षं जवळपास तीच येतायत. ती वाचून सेवा बदलायची नसेल, तर निदान ‘पालकांमध्ये जागृती कमी आहे’ हे पालुपद तरी बंद करा.

मी मालवण तालुक्यातला. इंजिनियरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो. गावात सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणजे अख्ख्या वाडीचे ऑनलाइन फॉर्म भरणारा माणूस. तुमच्यापैकी अनेकांना हे पद आपोआप मिळालेलं असेल. गेल्या काही वर्षांत मी दिव्यांग मुलांच्या घरांसाठी बरेच फॉर्म भरले, त्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाचेही. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार, टक्केवारी, उत्पन्न, बँक खातं, फोटोचा आकार अमुक केबीच्या आत. पालकाचं नाव विचारतात. पालकाला काय लागतं, असा रकाना मला आजवर एकदाही भरावा लागलेला नाही.

चार प्रकारच्या गरजा, मोजतात एकच

१९७२ मध्ये जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकाने ‘गरज’ या शब्दाची चार भागांत फोड केली. एक, तज्ज्ञ ठरवतात ती गरज. दोन, माणसाला आतून वाटते ती. तीन, माणूस प्रत्यक्ष मागतो ती. चार, तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्याला जे मिळतंय आणि आपल्याला मिळत नाही, त्या तुलनेतून दिसणारी गरज. पन्नास वर्षं जुनी मांडणी आहे, पण आपल्या कार्यालयांचा गोंधळ तिच्यात स्वच्छ दिसतो.

आपली यंत्रणा पहिली गरज कागदावर लिहिते आणि तिसरी मोजते. तज्ज्ञ म्हणतात, मुलाला स्पीच थेरपी लागते. मग बघायचं, किती जण मागायला आले. आले नाहीत? म्हणजे मागणी नाही. एसटीची फेरी बंद करायची, पुढच्या महिन्यात थांब्यावर कोणी उभं नाही हे बघायचं आणि अहवालात लिहायचं की या मार्गावर प्रवासी नाहीत. यापेक्षा वेगळं काय चाललंय?

यात आणखी एक मेख आहे. माणूस तेच मागतो जे मिळू शकतं असं त्याने ऐकलेलं असतं. आमच्या वाडीत कोणालाही विचारा, मुलासाठी काय हवं? उत्तर येईल : पेन्शन. कारण पेन्शन माहीत आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये मिळत, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २५०० करायचा निर्णय झाला. चांगलंच झालं. पण ‘लोकांना पैसेच हवेत’ असा निष्कर्ष त्यातून काढणारे अधिकारी आणि त्यांच्यावर हसणारे आपण, दोघेही एकच चूक करतो. ताईने एकदा मला सुनावलं होतं : “माका पेन्शन नको असा नाय. पण आधी कोणीतरी माका सांगा, ह्येका बोलूक कसा शिकवचा ता.”

तिने एका वाक्यात जे सांगितलं ते १९८८ मध्ये अमेरिकेत डॉन बेली आणि रून सिमियनसन यांनी ३५ प्रश्नांच्या यादीतून मांडलं. लहान दिव्यांग मुलांच्या आईबापांना त्यांनी गरजा विचारल्या. पैसा, आधार, परिसरातल्या सेवा, घरातले संबंध, इतरांना समजावून सांगणं असे सगळे गट त्यात होते. सर्वांत वर आली ती माहिती. आपल्या मुलाला काय झालंय, पुढे काय होणार, आपण काय करायचं. आपल्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने नव्वदच्या दशकात भारतीय कुटुंबांच्या गरजा मोजायची स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. म्हणजे साधन इथलं आहे, आपल्या सरकारच्याच संस्थेने बनवलेलं आहे. ते संशोधनातून उचलून रोजच्या सेवेत आणायचं बाकी आहे, आणि ‘बाकी’ला तीस वर्षं होत आली.

बांद्याच्या पलीकडे

आता शेजारी बघू. बांदा ओलांडला की गोवा. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांशी सविस्तर बोलून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुटुंबांनी काय सांगितलं? घरावरचा प्रचंड ताण, लोकांमधून हळूहळू तुटत जाणं, बोलणी खाणं, डॉक्टर आणि शिक्षकांनाच या स्थितीची नीट माहिती नसणं, ज्या काही सेवा आहेत त्या अपुऱ्या आणि महाग असणं. मालवणच्या कुठल्याही घरात हेच ऐकायला मिळेल, फक्त भाषा मालवणी असेल.

महत्त्वाचं आहे ते पुढे घडलेलं. अभ्यास कपाटात गेला नाही. तज्ज्ञ कमी आहेत, थेरपी महाग आहे आणि आईबापांना ‘काय करायचं’ ते हवंय, असं दिसल्यावर त्यांनी ब्रिटनमध्ये तयार झालेली एक पद्धत इथल्या परिस्थितीला बेतून घेतली. तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. कार्यकर्ता आईबाप आणि मूल यांच्या खेळाचा व्हिडिओ काढतो, मग दोघं मिळून तो बघतात : इथे मुलाने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांवर या पद्धतीची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये ती लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत छापून आली. आईबापांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला, मुलं स्वतःहून संवाद सुरू करायला लागली. सगळीच मोजमापं सुधारली नाहीत, एकात तर फरक उलट दिशेचा दिसला. जादू नाहीच ती. पण यासाठी लागलं काय? प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती, एक कॅमेरा आणि आईबापांना शिकवता येतं हा विश्वास. कॅमेरा तर आज प्रत्येक घरात आहे.

आमच्या जिल्ह्यातून लोक वर्षानुवर्षं बांबोळीच्या हॉस्पिटलात जातात. २०१८ मध्ये तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन पेटलं, आणि ते योग्यच होतं. पण गोव्यातून उपचार आणायला आपण रस्त्यावर उतरलो, तसं गोव्यात शिकलेली ही गोष्ट इथे आणावी म्हणून कोणी एखादं निवेदनही दिल्याचं मला आठवत नाही.

ही पद्धत परकी आहे असंही म्हणता येणार नाही. आधी लोकांना विचारायचं, मग गावातल्याच माणसाला शिकवून घरात पाठवायचं, हे महाराष्ट्राने जगाला शिकवलंय. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायकांची विचारपूस आणि तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ ची ही गोष्ट. मागणी नव्हती, गरज होती. पुढे १९९९ मध्ये त्यांचाच घरपोच नवजात बालसेवेचा अभ्यास आला : गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन बाळ सांभाळायला मदत केली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याचं मूळ त्यात आहे. जन्मानंतरच्या ४२ दिवसांत घरी जायला जमतं, तर तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाच्या घरी जायला का जमू नये?

अ‍ॅपचा युजर कोण?

आमच्या धंद्यात कुठलंही प्रॉडक्ट बनवताना पहिला प्रश्न असतो : युजर कोण? यंत्रणेची खरी नियत या एका प्रश्नात कळते.

मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं. फोन नादुरुस्त, अ‍ॅप इंग्रजीत, माहिती मराठीत भरता येत नाही, अशा तक्रारी होत्या. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर जुळवून घेणं बंधनकारक झालं. नेटवर्क नसलेल्या वाडीत आई मुलाला काखेत घेऊन उभी, सेविका फोन उंच धरून उभी, आणि पाकीट दोघींच्या मध्ये. या अ‍ॅपचा युजर सेविका नाही, आई तर नाहीच. युजर आहे मंत्रालयातला डॅशबोर्ड. आपण सगळे त्याचे डेटा एन्ट्री ऑपरेटर.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, पोट त्यावरच आहे. पण सॉफ्टवेअर ज्याच्यासाठी बनतं त्याचाच प्रश्न सोडवतं. डॅशबोर्डचा प्रश्न असतो ‘किती जणांना दिलं’. आईचा प्रश्न असतो ‘पुढे काय’. पहिल्यासाठी कोट्यवधी नोंदी होतात, दुसऱ्यासाठी एक साधा फोन नंबरही नसतो, जो लावला की पलीकडे तेच माणूस असेल, ज्याला आपलं मूल माहीत आहे. ताईने आजवर मुलाची कहाणी, गरोदरपणापासून, किती वेगवेगळ्या लोकांना सांगितली ते तिनेच मोजणं सोडून दिलंय. एका शिबिराला सकाळी नऊची वेळ देऊन डॉक्टर दुपारी आले, आणि लागणारे दुसरे तज्ज्ञ आलेच नाहीत म्हणून पुढची तारीख मिळाली. त्या दिवशीच्या अहवालात ती ‘उपस्थित लाभार्थी’ म्हणून मोजली गेली असणार.

‘आपल्याकडे घरची माणसं असतात’

हा सगळ्यात आवडता आक्षेप. परदेशात कुटुंबं तुटलीत, त्यांना लागतात असल्या सेवा. आपल्याकडे आजी आहे, काकू आहे, शेजार आहे.

कुठे आहे? २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. राज्य वाढत होतं, आमचा जिल्हा आटत होता. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो; त्याचा मोठा भाग असा, की पुरुष मुंबईत आहेत. चाकरमानी गणपतीला येतो, मे महिन्यात येतो. बाकीचे दिवस घरात सून, तिची गुडघ्यांनी बेजार सासू आणि मूल. किनाऱ्यावरचा बाप गावात असला तरी पहाटे समुद्रावर. हल्ली पर्यटनाच्या मोसमात बाईही घरच्या खोल्या आणि खानावळ बघते, आणि शिबिरं त्याच दिवसांत ठेवली जातात.

आजी मदत करते, नाकारत नाही. पण आजीला आकडी आल्यावर काय करायचं हे कोणी शिकवलंय? ‘घरची माणसं असतात’ हे वाक्य मुळात ‘घरात एक बाई असते’ असं वाचायचं. तिची नोकरी, तिची झोप, तिची पाठ, हे सगळं फुकट आहे असं गृहीत धरून सरकारचा हिशेब जुळतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. तर कागदावर काय काय आहे ते बघा. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जायचंय आणि सापडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असायचंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली, तिच्यात कुटुंबाला बळ देणं हा एक टप्पाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. पर्यटनाने हात ओले झालेल्या आमच्या किनाऱ्यावरच्या पंचायतींसाठी ही रक्कम अगदीच चिल्लर नाही. पण तिचं काय करायचं हे आईबापांना विचारायचा प्रघात नसला, की मार्चअखेर वस्तू किंवा रोख वाटून मोकळं होणं सोपं पडतं.

म्हणजे कायदा आहे, कार्यपद्धती आहे, थोडा पैसाही आहे. नाही ते हे सगळं एका घरापर्यंत नेऊन जोडणारं माणूस. ते काम सध्या फुकटात कोण करतं? आई. आणि तिच्याकडून झालं नाही, की ‘पालक फॉलोअप ठेवत नाहीत’.

अजून एक सर्वेक्षण नको

हे वाचून कोणी उत्साहाने ‘चला, गरजांचं सर्वेक्षण करू’ म्हणाला, तर त्याला आधीच थांबवतो. सर्वेक्षण हे काम टाळायचं सभ्य साधन होऊ शकतं. दर दोन वर्षांनी नवी टीम येते, तेच प्रश्न विचारते, आई पुन्हा रडते, टीम चहा घेऊन जाते. ज्याला उत्तर द्यायची तयारी नाही त्याने प्रश्न विचारू नये. विचारणं सेवेच्या आत हवं : प्रत्येक भेटीत, ‘या महिन्यात तुम्हाला सगळ्यात जड काय गेलं?’ हा एक प्रश्न, आणि त्याच्या उत्तरावर पुढच्या भेटीपर्यंत काय केलं याची नोंद.

मग करायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत. एकीलाही नवा कायदा लागत नाही.

एक : प्रत्येक घरामागे नाव आणि नंबर असलेलं एक माणूस. ती आशाताई असेल किंवा सेविका, पण त्या कामाचं वेगळं मानधन आणि प्रशिक्षण देऊन. आधीच वाकलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक फुकटची पाटी ठेवून नव्हे. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत सेविका संपावर होत्या त्या उगीच नाही.

दोन : सेवा तालुक्यापर्यंत, ठरलेल्या वारी. मालवणला रेल्वे नाही. सगळं ओरोसला ठेवून ‘उपलब्ध आहे’ म्हणणं म्हणजे जेवण वाढून दार बंद करणं. आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यात थेरपिस्ट बसू दे, आणि जाण्यायेण्याचं भाडं पंचायतीच्या त्या ५ टक्क्यांतून द्या.

तीन : आठवड्यातून चार तास आईला सुट्टी. अंगणवाडीत किंवा गावातल्या एखाद्या घरात, शिकवलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. चैन वाटते ना ऐकायला? वाटते, कारण आईला थकायचा हक्क आहे हेच आपल्याला मान्य नाही.

चार : ‘आमच्या माघारी ह्येका कोण बघतलो?’ या प्रश्नाचं जिवंतपणी उत्तर. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. किती घरांना माहीत आहे, हे तुमच्याच नात्यात विचारून बघा.

आणि या चौघींच्या मागे रेटा हवा तो आईबापांच्या एकीचा. देशातल्या जुन्या शाळांपैकी एक, मुंबईची जय वकील शाळा, १९४४ मध्ये एका आईबापांनी आपल्या मुलीसाठी घरातच सुरू केली होती. सरकारची वाट त्यांनी बघितली नाही, हे कौतुकाचं. पण दर पिढीच्या आईबापांनी शून्यापासून सुरुवात करावी हे कौतुकाचं नाही. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. दिव्यांग मुलांच्या बाबतीत दोर ओढणारी एकटी आई आहे आणि वाटा, फोटोपासून अहवालापर्यंत, बाकी सगळ्यांचा.

तुम्ही हे फोनवर वाचताय. तुमच्याही गावी असं एक घर असेल, ज्याचे फॉर्म तुम्ही भरता किंवा भरू शकता. पुढचा फॉर्म भराल तेव्हा त्या आईला विचारा, या महिन्यात काय जड गेलं. उत्तर कागदावर लिहा, तिची सही घ्या आणि ग्रामसभेत वाचा, पंचायतीच्या ५ टक्क्यांच्या खर्चाच्या यादीसह. इतिवृत्तात नोंद करायला लावा. डॅशबोर्डला जे दिसत नाही ते निदान गावाच्या दप्तरात तरी राहू दे.